फेब्रुवारीचे तीनशे

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचे एक असते. दुसऱ्याचे लाखो रुपये रोज त्याच्या बोटांखालून जातात, तेव्हा त्याचा चेहरा दगडी असतो. पण स्वतःच्या पगारातून दोनशे रुपये गेले की त्याला जेवण जात नाही. आमच्या शाखेत हा शोक महिनाअखेरीस सामुदायिक रीतीने पाळला जातो. पगारपत्रक हातात पडले (आता ते हातात पडत नाही, मोबाइलवर पडते; पण पडल्याचा आवाज काळजात पूर्वीसारखाच होतो) की प्रत्येक जण आधी डावी बाजू वाचतो, मग उजवी वाचतो आणि मग खिडकीबाहेर बघतो.

उजव्या बाजूला कपातींची रांग असते. भविष्य निर्वाह निधीला आम्ही काही म्हणत नाही; म्हातारपणी तो आपल्यालाच भेटणार असतो. आयकराला शिव्या देऊन तोंड दुखलेले असते. पतपेढीचा हप्ता आपण आपल्या हाताने ओढवून घेतलेला असतो. सगळा राग निघतो तो तळाशी अंग चोरून उभ्या असलेल्या ‘व्यवसाय कर – २००’ या ओळीवर. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे! अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला शंभर रुपये जास्त, हा कुठला न्याय?

गेल्या फेब्रुवारीत नुकत्याच लागलेल्या एका पोराने हा प्रश्न मला जाहीरपणे विचारला. मी बी. कॉम. आहे. टक्केवारी विचारू नये. पण तेवढ्या भांडवलावर हिशोबाचा कुठलाही प्रश्न अखेर माझ्याच टेबलावर येऊन मरतो. मी खुर्ची मागे सरकवली आणि त्याला सांगितले, की राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातलेली आहे. पूर्वी ती अडीचशे होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने तिच्यावर एक शून्य चढले. अडीच हजाराला बाराने भाग तर दोनशे आठ रुपये तेहतीस पैसे, आणि पुढे ते तीन-तीन-तीन करीत थेट निवृत्तीपर्यंत जातात. म्हणून अकरा महिने दोनशे आणि उरलेले फेब्रुवारीच्या माथी.

शाखेने माझ्याकडे आदराने पाहिले. पोरगे म्हणाले, “ते कळलं सर. पण घेतात कशासाठी?”

मी चहा मागवला.

घरी आल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहज हा किस्सा सांगितला. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, “कशासाठी म्हंजे? बहात्तरचा हप्ता हाय तो. आमी खडी फोडली, तुमी भरताय.”

आता अण्णा बहात्तर साल काढू लागले की घरातली माणसे एकेक करून उठतात. मीही इतकी वर्षे उठत आलो. पण या खेपेला हिशोब होता, त्यामुळे बसलो. आणि पुढचे दोन-तीन रविवार वाचनालयात घालवले. सौ.चा अजूनही समज आहे की मी बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करीत होतो.

तर वाचकहो, आमच्या पगारपत्रकातली ही ओळ फार जुनी निघाली. तिचे एक टोक १८७६ सालात आहे. त्या साली दख्खनेत पाऊस गेला. मुंबई इलाख्यातले देशावरचे जिल्हे, मद्रास, म्हैसूर, निजामाचे राज्य सगळे होरपळले. तोपर्यंत संकटाची तयारी म्हणजे ज्याची त्याने घरात करायची गोष्ट होती. भिंतीत बळद असे, अंगणात पेव असे. चांगल्या सालात धान्य जमिनीत पुरायचे आणि वाईट सालात उकरायचे. ज्याचे पेव रिकामे, त्याने सावकाराचे दार धरायचे. सरकारचे दार सारा भरण्यासाठी असे.

इंग्रज सरकारने या संकटावर एक अनुभवी माणूस पाठवला, सर रिचर्ड टेंपल. याची गोष्ट आम्हा बँकवाल्यांना फार ओळखीची वाटेल. १८७३-७४ मध्ये बिहार-बंगालवर असेच संकट आले तेव्हा याने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला, लोकांना कामे दिली आणि भूकबळी जवळजवळ पडूच दिले नाहीत. त्याबद्दल त्याला काय मिळाले? उधळपट्टीचा ठपका. माणसे मेली नाहीत, त्या अर्थी दुष्काळ नव्हताच, मग खर्च कशाला केला, असा तो सवाल होता. आमच्याकडे शाखेत चोरी झाली नाही म्हणून पहारेकऱ्याचा पगार वायफळ ठरवतात, त्यातलाच प्रकार.

टेंपलसाहेब हुशार. एकदा ठपका खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा खात नाही. १८७७ च्या जानेवारीत तो दख्खनेत आला तो काटकसरीचा वसा घेऊन. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला त्याने मजुरी ठरवली एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बाई-मुलांना त्याहून कमी. त्याच महिन्याच्या एक तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दरबार भरला होता आणि तिथे हजारो पाहुण्यांच्या पंगती उठल्या होत्या. त्या दरबारात पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताची खादी घालून जाऊन बसले होते.

आणि इथे आपल्याकडच्या मजुरांनी एक विलक्षण गोष्ट केली. भुकेने अर्धमेली माणसे, पण या मजुरीवर राबण्यापेक्षा काम सोडून निघून गेली. दुष्काळी कामावरचा संप! पोट भरलेल्या माणसांचे संप मी पाहिले आहेत, एक-दोनदा घोषणाही दिल्या आहेत (मागच्या रांगेतून). पण हा संप डोळ्यांपुढे आणायला मला जड जाते. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज पाठवले, गावोगावची माहिती गोळा करून अहवाल धाडले. जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी बालाश्रम काढला. आणि पुण्यातल्या लष्करी हिशोबखात्यातला एक कारकून दुष्काळी मुलूख हिंडून आला आणि दोन वर्षांनी सरकारविरुद्ध बंड करून उठला. तो वासुदेव बळवंत फडके. आईच्या आजारपणात त्याला रजा वेळेवर मिळाली नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. हिशोबखात्यातल्या कारकुनाचा रजेचा अर्ज अडवून ठेवू नये, हे आमच्या साहेबांना मी या निमित्ताने सुचवून पाहिले. परिणाम झाला नाही.

त्या दुष्काळात निव्वळ ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली. मग नेहमीप्रमाणे आयोग बसला. रिचर्ड स्ट्रेची अध्यक्ष, अहवाल १८८० मध्ये, आणि त्यातून १८८३ मध्ये ‘फॅमिन कोड’चा नमुना तयार झाला. संकट यायच्या आधीच कोणी काय करायचे ते लिहून ठेवणारे हे पुस्तक. मी ते रुक्ष असेल म्हणून धरून चाललो होतो, पण त्यातला लक्षणांचा भाग वाचताना अंगावर काटा आला. दुष्काळ कसा ओळखावा? धान्याचे भाव चढतात. सावकार उधारी आखडता घेतो. भिकारी वाढतात आणि भीक घालणारे कमी होतात. भुरट्या चोऱ्या वाढतात. माणसे कुठे जायचे ते ठाऊक नसताना रस्त्याला लागतात. हे दिसले की आधी चाचणी म्हणून थोडी कामे काढावीत, मजुरी कमी ठेवावी, आणि तरीही माणसे येतच राहिली तर समजावे की दुष्काळ आहे. मग धट्ट्याकट्ट्यांना काम, लुळ्यापांगळ्यांना फुकट धान्य, शेतसाऱ्याला तहकुबी किंवा सूट. लिहिणारा माणूस कोरडा असेल, पण त्याने पाहिले होते.

गंमत अशी, की हे सगळे ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पुस्तक इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. आमच्या शाखेतही आग लागल्यास काय करावे याची पुस्तिका आहे. ती कुलपात आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी वसुलीला बाहेर जातात, त्यामुळे आगीने शक्यतो सकाळी अकराच्या आत लागावे अशी अपेक्षा आहे.

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला. तेव्हा टिळकांनी हे कपाट उघडले. ‘केसरी’तून त्यांनी लोकांना समजावून सांगितले, की बाबांनो, ही भीक नव्हे, हा सरकारनेच लिहून दिलेला कायदा आहे, काम मागा, पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट मागा. संहितेचा मराठी तर्जुमा वाटला. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव फिरली. सरकार इतके चिडले की १८९७ मध्ये सार्वजनिक कारभारावर सरकारकडे अर्ज-विनंत्या करण्याचा सभेचा हक्कच त्याने मानायचे बंद केले. गुन्हा काय? सरकारचे पुस्तक सरकारच्याच रयतेला वाचून दाखवले.

पुढे सगळी भांडणे आण्यांवर आली. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि यंदाचे किती आणे, हे ठरवायचे ती आणेवारी. शेतकरी आणि सरकार एकाच शिवाराकडे बघत, पण आकडे वेगवेगळे दिसत. खेड्याचा १९१८ चा सत्याग्रह, ज्यातून वल्लभभाई पुढे आले, तो मुळात याच हिशोबाचा होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर साऱ्याची पूर्ण तहकुबी. सरकार म्हणे चारच्या वर आहे, शेतकरी म्हणे खाली आहे. एका आण्यासाठी गांधीजींना सत्याग्रह करावा लागला. पुढे दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाचे भवितव्य ठरू लागले. आणे बाजारातून गेले, तरी तलाठ्याच्या दप्तरात त्यांचा आत्मा घुटमळत राहिला.

आणि मग आले १९६३ साल. त्या वर्षी आपल्या महाराष्ट्राने दुष्काळाचा असा बंदोबस्त केला, की टेंपललाही सुचला नव्हता. कायदा करून ‘दुष्काळ’ हा शब्दच कायद्यांतून काढून टाकला. मी थट्टा करीत नाही, त्या कायद्याच्या नावातच हे आहे. प्रस्तावनेचा मथितार्थ असा, की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, सबब दुष्काळ पडायला आता वावच उरलेला नाही. यापुढे ‘दुष्काळ’ असेल तिथे ‘टंचाई’. मला याचे फार नवल वाटले नाही. आमच्याकडेही कर्ज बुडाले असे म्हणत नाहीत, एन.पी.ए. झाले असे म्हणतात. पैसे यायचे नसतात ते नसतातच, पण कानाला बरे वाटते.

दुष्काळाने तो कायदा वाचला नव्हता. सत्तर-एकाहत्तरपासूनच पावसाची लक्षणे बरी नव्हती. १९७२ ला तर त्याने सपशेल पाठ फिरवली. इथून पुढची हकिकत अण्णांची आहे.

आमचे गाव माणदेशात. अण्णा तेव्हा एकवीस वर्षांचे, मॅट्रिक पास. त्या काळात गावात मॅट्रिक पास म्हणजे अर्धा बॅरिस्टर. गावापासून दोन कोसांवर रस्त्याचे काम निघाले, खडी केंद्र सुरू झाले आणि अण्णा तिथे रोजंदारीवर हजेरी कारकून लागले. “रोज सातशे-आठशे माणूस,” अण्णा सांगतात. “उनात बसून नुसता ठक-ठक, ठक-ठक आवाज. रातीला निजलो तरी कानात तेच.” झाडांच्या फांद्यांना झोळ्या, झोळ्यांत पोरे. दुपारी सुकडी वाटायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापायला गेले की तुटायची. अण्णा म्हणतात, “गोडी कशाची? पर होती.”

हजेरीपट हे भारी प्रकरण असते, हे मला आता कळले. सकाळी नाव, दुपारी खूण, आठवड्याला माप, मापावर पैसे. मापात एखाद्याचा ढीग फुगीर असे, आत मोठे दगड आणि वरून बारीक खडी. मुकादमाचे मेलेले चुलतेही कधीमधी हजेरीपटावर खडी फोडून जात. अण्णा मात्र कडक. इतके, की त्यांची स्वतःची आई, म्हणजे माझी आजी, त्याच केंद्रावर होती आणि एकदा विहिरीवर पाण्याच्या रांगेत अडकून उशिरा आली, तेव्हा त्यांनी तिचा अर्धा दिवस कापला. संध्याकाळी आजीने भाकरी वाढली. पूर्ण नाही, अर्धी. म्हणाली, “उरलेली हजेरीपटातनं घे.” ही गोष्ट अण्णा हसत सांगतात. आजी असेपर्यंत ती सांगायची तेव्हा हसायची नाही.

एक दिवस कामावर पाटलांच्या वाड्यावरची मोठी बाई आली. साठ-सत्तर एकर जमीन, दावणीला एके काळी आठ बैल. डोक्यावरून पदर इतका ओढलेला की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा. अण्णांनी मान खाली घालून पेन उचलले. बाई हळूच म्हणाली, “मास्तर, माहेरचं नाव लावा.” अण्णांनी लावले. ती मराठी चौथी शिकलेली होती, चांगली सही करायची; पण दर आठवड्याला पगाराच्या वेळी तिने अंगठाच पुढे केला. सहीत नाव वाचता येते. अण्णा दर खेपेला शाईची पेटी पुढे सरकवीत आणि दुसरीकडे बघत.

“आन् मग?” मी विचारले.

“मग काय! पाऊस पडला. ती घरी गेली. पुढं समोर आली तरी मी वळख दिली न्हाई. तिनंबी दिली न्हाई.”

१९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख. म्हणजे बाळे, म्हातारे, मुंबईकर, सगळे धरून दर दहा माणसांमागे एक माणूस खडी फोडत होता, नाहीतर पाझर तलावाची माती उपसत होता. फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कैक वर्षे रस्त्याकडेला पडून होते. आमच्या लहानपणी आम्ही त्यांवरून घसरगुंडी खेळत असू. कोणाच्या हाताचा ढीग आहे, हे कोण विचारतो? पण तो दुष्काळ १८७६ च्या तोडीचा असूनही तशी प्रेते रस्त्यावर पडली नाहीत. जगातले मोठमोठे अर्थशास्त्री त्याचा दाखला देतात. अर्थशास्त्राच्या पेपरात मला हे विचारले असते तर अण्णांच्या जिवावर पाच-सात मार्क वाढले असते.

यातून वि. स. पागे यांची योजना पुढे आली. पागे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यात तासगावकडच्या विसापूरला त्यांनी हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. विचार साधा. दुष्काळ पडल्यावर काम शोधत बसायचे नाही. काम मागणाऱ्या खेड्यातल्या माणसाला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, आणि हे उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा कित्ता समोर होता.

पण पैसे? दुष्काळ पडला की पैसे उभे करू, असे म्हणणाऱ्याचे पैसे उभे राहीपर्यंत माणसे आडवी होतात. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या, व्यापाऱ्याच्या, वकील-डॉक्टरांच्या खिशातून थोडे थोडे काढायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि तो पैसा हमीच्या कामासाठी. पाऊस पडो न पडो, दर महिन्याला. आमच्या घरचे बळद मोडून तिथे कपाट आले त्याला किती तरी वर्षे झाली. राज्याचे बळद माझ्या पगारपत्रकात निघाले.

शब्दांचे प्रकरण मात्र तेवढ्यावर मिटले नाही. काही वर्षांपूर्वी सरकारी कागदांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ अवतरली. २०१६ मध्ये, उच्च न्यायालयात याचिका चालू असताना, शासनाने ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे काढले. म्हणजे त्रेपन्न वर्षांनी तो शब्द घरी परत आला. त्याच साली केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. आता पाऊसमान, जमिनीतला ओलावा, धरणातले पाणी आणि उपग्रहाला दिसणारी हिरवाई, असे सगळे पाहून दुष्काळ ठरवायचा असतो. अण्णांना हे सांगितले. ते म्हणाले, “उपग्रहाला पदर दिसतो का?” मी विषय बदलला.

शाखेत मी हे सगळे त्या पोराला सांगितले. जेवणाच्या सुट्टीत सुरुवात केली ती काउंटर उघडले तरी चालूच होती, त्यामुळे दोन ग्राहकांनी तक्रारवही मागितली. पोरगे म्हणाले, “सर, माझी आजी पण खडी फोडायला जायची म्हणतात. बीड साइडला.” आणि खिडकीत जाऊन बसले. पुढे त्याने त्या ओळीवर काही बोलल्याचे मी ऐकले नाही. कॅशियरबाई बोलतात; त्यांचे माहेर कोकणातले, त्यांना पाऊस कमी पडतो हेच पटत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत मुद्दाम पगारपत्रक कागदावर छापून घरी आणले आणि अण्णांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, कागद जरा लांब धरला आणि एकेक ओळीवरून बोट फिरवीत खाली आले. आयकराच्या आकड्यावर थबकून माझ्याकडे एकदा बघितले, बोलले काही नाही. तळाच्या तीनशेवर बोट थांबले. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, तिचे टोक जिभेला लावले आणि त्या ओळीसमोर हजेरीची एक बारीक उभी रेघ ओढली.

“पुरा दिवस,” म्हणाले, आणि कागद परत दिला.